मूलद्रव्यांच्या कक्षक-आकृत्या : रेखाटनाचे नियम, त्यांचा अर्थ व मर्यादा

सारांश :

अणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी चौकटी व बाण यांच्या साहाय्याने दर्शविणारी कक्षक-आकृती ही रसायनशास्त्राच्या अध्ययनातील एक मूलभूत कृती होय. बहुतेक वेळा ती नियम पाठ करून रेखाटली जाते. वस्तुतः तिच्यातील प्रत्येक बाण हे अणूविषयीचे एक तपासता येण्याजोगे विधान असते. प्रस्तुत लेखात कक्षक-आकृतीमागील संकल्पना, रेखाटनाचे तीन नियम, आयनांच्या आकृत्यांसंबंधीचा रूढ गैरसमज, नियमांचे अपवाद आणि आकृतीच्या मर्यादा यांचे सोदाहरण विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कक्षक, पुंजांक, विवर्जन तत्त्व, हुंडचा नियम, अयुग्मित इलेक्ट्रॉन, संक्रामक मूलद्रव्ये.

१. प्रस्तावना

शालेय स्तरावर अणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी के, एल, एम, एन या कवचांच्या रूपात शिकविली जाते. या कवचांची इलेक्ट्रॉन धारण करण्याची क्षमता अनुक्रमे २, ८, १८ व ३२ अशी सांगितली जाते. सोडियमचे संरूपण २, ८, १ आणि क्लोरिनचे २, ८, ७ हे विद्यार्थी सहज लिहितो. पोटॅशियमपाशी मात्र पहिली अडचण उभी राहते. पोटॅशियमचा अणुअंक १९ आहे. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावत असतील, तर पोटॅशियमचे संरूपण २, ८, ९ असे असावयास हवे. प्रत्यक्षात ते २, ८, ८, १ असे लिहावे लागते. तिसऱ्या कवचात जागा असताना एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो, या प्रश्नाचे उत्तर कवचांच्या चित्रात नाही.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. बाहेरच्या कवचातील तो एकटा इलेक्ट्रॉन पोटॅशियमला सोडियमचा सोबती बनवितो; पाण्याशी त्याची होणारी तीव्र अभिक्रिया, त्याची एक ही संयुजा आणि आवर्तसारणीतील त्याचे स्थान हे सर्व त्या एका इलेक्ट्रॉनावर अवलंबून आहे. अकरावीत प्रवेश करताना मराठी माध्यमाच्या अनेक विद्यार्थ्यांना भाषेचे माध्यम बदलावे लागते आणि त्याच वेळी कवचांची जागा कक्षक घेतात. दोन्ही बदल एकदम आल्याने कक्षक-आकृती समजून घेण्याऐवजी ती पाठ करण्याकडे कल होतो. म्हणून या आकृतीचा अर्थ मराठीत स्पष्ट करणे उपयुक्त ठरते.

२. चौकट कशाची प्रतिनिधी आहे?

नील्स बोर यांनी १९१३ साली मांडलेल्या प्रतिमानात इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाभोवती ठरावीक वर्तुळाकार कक्षांमधून फिरतात असे मानले होते. हायड्रोजनच्या वर्णपटाचे स्पष्टीकरण या प्रतिमानाने उत्तम प्रकारे दिले. परंतु एकाहून अधिक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंना ते लागू पडेना. १९२६ साली एर्विन श्रोडिंगर यांनी मांडलेल्या तरंग समीकरणाने चित्र बदलले. इलेक्ट्रॉनाचा मार्ग निश्चितपणे रेखाटता येत नाही. तो अवकाशाच्या कोणत्या भागात आढळण्याची संभाव्यता किती, एवढेच सांगता येते. या संभाव्यतेचे वर्णन करणाऱ्या गणिती फलनास कक्षक असे म्हणतात. कक्षा म्हणजे वाट आणि कक्षक म्हणजे वावराचा प्रदेश, असा भेद ढोबळमानाने करता येईल.

प्रत्येक कक्षक तीन पुंजांकांनी ओळखला जातो. पहिला, म्हणजे मुख्य पुंजांक, हा कवचाचा क्रमांक होय. दुसरा पुंजांक कक्षकाचा आकार सांगतो व त्याचे मूल्य शून्यापासून मुख्य पुंजांकाहून एकाने कमी असलेल्या संख्येपर्यंत असू शकते. त्याच्या ०, १, २, ३ या मूल्यांना अनुक्रमे एस, पी, डी, एफ ही नावे आहेत. ही अक्षरे जुन्या वर्णपटशास्त्रातील शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज व फंडामेंटल या रेषामालिकांच्या नावांवरून आलेली आहेत. तिसरा पुंजांक कक्षकाची अवकाशातील दिशा ठरवितो. त्यामुळे एस उपकवचात एक, पी मध्ये तीन, डी मध्ये पाच आणि एफ मध्ये सात कक्षक असतात.

कक्षक-आकृतीतील एक चौकट म्हणजे असा एक कक्षक. एस साठी एक चौकट, पी साठी एकमेकींना लागून तीन, डी साठी पाच व एफ साठी सात चौकटी काढल्या जातात. लागून असलेल्या चौकटी समान ऊर्जेच्या कक्षकांच्या निदर्शक आहेत. चौकटीचा आकार हा कक्षकाचा आकार नव्हे. एस कक्षक गोलाकार व पी कक्षक डमरूसारखा असला, तरी आकृतीत दोन्हींसाठी चौकोनच काढतात. कारण आकृतीचा हेतू इलेक्ट्रॉनांचा हिशेब दाखविणे हा आहे, अणूचे छायाचित्र देणे हा नाही.

बाण हा इलेक्ट्रॉनाचा निदर्शक होय. इलेक्ट्रॉनास वस्तुमान व विद्युतभार यांप्रमाणेच परिवलन हा अंगभूत गुणधर्म असतो, ही कल्पना जॉर्ज उलेनबेक व सॅम्युअल गाउडस्मिट यांनी १९२५ साली मांडली. परिवलनाच्या दोनच अवस्था संभवतात. एक वर जाणाऱ्या बाणाने व दुसरी खाली येणाऱ्या बाणाने दर्शवितात. परिवलन हे नाव भोवऱ्याची आठवण करून देत असले, तरी इलेक्ट्रॉन स्वतःभोवती गरगर फिरतो असा त्याचा शब्दशः अर्थ घेणे योग्य नाही.

३. रेखाटनाचे तीन नियम

३.१ उभारणी तत्त्व : न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या कक्षकांपासून भरत जातात. कक्षक भरण्याचा क्रम ठरविण्यासाठी पहिल्या दोन पुंजांकांची बेरीज करतात. ज्याची बेरीज कमी, तो कक्षक आधी. बेरीज समान असल्यास ज्याचा मुख्य पुंजांक लहान, तो आधी. हा नियम एर्विन माडेलुंग यांच्या नावाने ओळखला जातो. ४एस साठी ही बेरीज ४+०, म्हणजे ४ येते. ३डी साठी ३+२, म्हणजे ५ येते. म्हणून ४एस आधी भरतो. ४पी ची बेरीजही ५ असली, तरी ३डी चा मुख्य पुंजांक लहान असल्याने ३डी हा ४पी च्या आधी येतो. अशा रीतीने पुढील क्रम मिळतो :

१एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी, ४पी, ५एस, ४डी, ५पी, ६एस, ४एफ, ५डी, ६पी, ७एस, ५एफ, ६डी, ७पी.

प्रस्तावनेतील प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. तिसऱ्या कवचातील रिकामी जागा ही ३डी ची आहे. ४एस इलेक्ट्रॉनाची आतील इलेक्ट्रॉनांच्या थरांतून शिरून अणुकेंद्रकाजवळ आढळण्याची संभाव्यता लक्षणीय असते. ३डी इलेक्ट्रॉनाची ती फारच कमी असते. पोटॅशियमच्या अणूत त्यामुळे ४एस मधील इलेक्ट्रॉनास केंद्रकाचे आकर्षण अधिक लाभते व त्याची ऊर्जा कमी राहते.

३.२ विवर्जन तत्त्व : एका अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक समान असू शकत नाहीत, हे तत्त्व वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली मांडले. त्यासाठी त्यांना १९४५ चा नोबेल पुरस्कार मिळाला. चौकट ठरली की तीन पुंजांक ठरतात. उरतो तो केवळ परिवलनाचा. म्हणून एका चौकटीत अधिकाधिक दोन बाण असू शकतात व ते परस्परविरुद्ध दिशांचेच असावे लागतात. [↑↓] ही मांडणी शक्य आहे. [↑↑] ही शक्य नाही.

३.३ हुंडचा नियम : समान ऊर्जेच्या अनेक चौकटी उपलब्ध असताना इलेक्ट्रॉन प्रथम प्रत्येक चौकटीत एकेक असे व एकाच दिशेच्या परिवलनासह बसतात, सर्व चौकटींत एकेक इलेक्ट्रॉन आल्यानंतरच जोड्या होऊ लागतात. फ्रीडरिख हुंड यांनी वर्णपटांच्या अभ्यासावरून १९२५ साली हा नियम सुचविला. गाडीत शिरणारे अनोळखी प्रवासी जसे आधी रिकामे बाक धरतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र या उपमेत समान परिवलनाचे कारण येत नाही. समान परिवलनाचे इलेक्ट्रॉन विवर्जन तत्त्वामुळे एकमेकांपासून दूर राहतात व अणूची एकूण ऊर्जा कमी होते. इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण घटणे हेच याचे कारण म्हणून पूर्वी सांगितले जाई. पुढील काळातील गणनांनुसार अशा मांडणीत इलेक्ट्रॉनांना केंद्रकाचे अधिक आकर्षण लाभणे याचाही त्यात मोठा वाटा असतो.

४. दोन उदाहरणे

प्रस्तुत लेखात मुद्रणाच्या सोयीसाठी उपकवचातील इलेक्ट्रॉनांची संख्या शिरोभागी न लिहिता कंसात दिली आहे.

ऑक्सिजनचा अणुअंक ८ आहे. आठ इलेक्ट्रॉनांपैकी दोन १एस मध्ये, दोन २एस मध्ये व उरलेले चार २पी मध्ये जातात. संरूपण : १एस(२) २एस(२) २पी(४). २पी च्या तीन चौकटींत प्रथम तीन बाण एकेक करून वर रोखलेले काढावेत आणि चौथा बाण पहिल्या चौकटीत खालच्या दिशेने काढावा.

१एस [↑↓]  २एस [↑↓]  २पी [↑↓][↑ ][↑ ]

चौथा बाण पहिल्याच चौकटीत काढण्याचा केवळ प्रघात आहे. तिन्ही २पी कक्षक समान ऊर्जेचे असल्याने तो कोणत्याही चौकटीत काढला तरी आकृती तेच सांगते. एकटे बाण सर्व खाली रोखलेले काढले तरीही अर्थ बदलत नाही. महत्त्व त्यांच्या एकाच दिशेला आहे.

लोहाचा अणुअंक २६ आहे. पहिले १८ इलेक्ट्रॉन आर्गॉन या निष्क्रिय वायूच्या संरूपणाप्रमाणे बसतात. ते पुन्हा न काढता [आर्गॉन] असे लिहून पुढील आठ इलेक्ट्रॉन दाखविले तरी चालते.

[आर्गॉन]  ४एस [↑↓]  ३डी [↑↓][↑ ][↑ ][↑ ][↑ ]

या आकृतीवरून लोहाच्या सुट्या अणूत चार अयुग्मित, म्हणजे जोडीदार नसलेले, इलेक्ट्रॉन आहेत असे दिसते. आकृती पूर्ण झाल्यावर बाणांची एकूण संख्या अणुअंकाशी जुळते की नाही, हे पडताळून पाहण्याची सवय ठेवावी.

५. आकृतीची सत्यता कशी तपासतात?

कागदावरील बाण हा निव्वळ संकेत असता, तर तो कसाही काढला म्हणून काही बिघडले नसते. परंतु आकृतीतून निघणारे निष्कर्ष प्रयोगाने पडताळता येतात. त्यांपैकी तीन प्रकारचे पुरावे येथे पाहू.

पहिला पुरावा आयनीभवन ऊर्जेचा. वायुरूप अणूतून एक इलेक्ट्रॉन काढून टाकण्यास लागणारी ऊर्जा आवर्तसारणीच्या दुसऱ्या ओळीत डावीकडून उजवीकडे सर्वसाधारणपणे वाढत जाते. मात्र ती दोन ठिकाणी घसरते. बेरिलियमची ही ऊर्जा सुमारे ९०० किलोजूल प्रति मोल, तर त्यापुढील बोरॉनची सुमारे ८०१ आहे. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन अधिक ऊर्जेच्या २पी चौकटीत बसलेला असतो, म्हणून तो लवकर सुटतो. पुढे नायट्रोजनची ऊर्जा सुमारे १४०२ व ऑक्सिजनची सुमारे १३१४ आहे. नायट्रोजनच्या तीन २पी चौकटींत एकेक बाण असतो. ऑक्सिजनमध्ये एका चौकटीत जोडी होते व जोडीतील प्रतिकर्षणामुळे एक इलेक्ट्रॉन तुलनेने सहज निघतो. हुंडचा नियम न पाळता आकृती काढल्यास ही घसरण नेमकी ऑक्सिजनपाशीच का यावी, हे समजत नाही.

दुसरा पुरावा चुंबकत्वाचा. अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले पदार्थ चुंबकीय क्षेत्राकडे ओढले जातात. त्यांना समचुंबकीय म्हणतात. सर्व इलेक्ट्रॉन युग्मित असलेले पदार्थ क्षेत्रापासून किंचित दूर सारले जातात. ते प्रतिचुंबकीय होत. १९२२ साली ऑटो स्टर्न व वाल्टर गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून पाठविला, तेव्हा त्याचे दोन भाग झाले. इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची कल्पना तेव्हा मांडली गेलेली नव्हती. आज चांदीच्या कक्षक-आकृतीत ५एस मधील एकटा बाण पाहिला की, त्याच्या दोन दिशा म्हणजेच झोताचे दोन भाग हे लक्षात येते. या क्षेत्रात भारतीय संशोधकांचेही कार्य आहे. शांतिस्वरूप भटनागर व के. एन. माथुर यांनी १९२८ साली पदार्थांचे चुंबकीय गुणधर्म मोजण्यासाठी प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारलेली तुला तयार केली आणि १९३५ साली चुंबक-रसायनशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तिसरा पुरावा एका मूलद्रव्याच्या शोधाचा. अणुअंक ७२ चे मूलद्रव्य १९२० च्या सुमारास अज्ञात होते व ते विरल मृदा गटातील असावे असा एक मतप्रवाह होता. इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचा हिशेब करून बोर यांनी निराळे मत मांडले. आजच्या भाषेत सांगावयाचे, तर ४एफ च्या सात चौकटींत चौदाच इलेक्ट्रॉन मावतात. अणुअंक ७१ पर्यंत त्या पूर्ण भरलेल्या असतात, म्हणून ७२ वे मूलद्रव्य झिर्कोनियमसारखे असले पाहिजे. डर्क कोस्टर व जॉर्ज हेवेशी यांनी कोपनहेगन येथे झिर्कोनियमच्या खनिजांचे क्ष-किरण वर्णपट तपासले व त्यांत हे मूलद्रव्य त्यांना सापडले. १९२३ साली जाहीर झालेल्या या मूलद्रव्यास कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून हाफ्नियम हे नाव मिळाले. कोणत्या खनिजात शोध घ्यावा, हे इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने सांगितले होते.

६. आयनांच्या आकृत्या : एक रूढ गैरसमज

संक्रामक मूलद्रव्यांचे धन आयन काढताना सर्वाधिक चुका होतात. जो इलेक्ट्रॉन शेवटी आला तोच प्रथम जाणार, असे गृहीत धरून विद्यार्थी ३डी मधील बाण आधी पुसतात. प्रत्यक्षात या मूलद्रव्यांच्या अणूतून प्रथम ४एस मधील इलेक्ट्रॉन निघतात. लोहाचे दोन इलेक्ट्रॉन गेले की [आर्गॉन] ३डी(६) असा फेरस आयन मिळतो व तीन गेले की [आर्गॉन] ३डी(५) असा फेरिक आयन मिळतो.

चुकीच्या पद्धतीचा परिणाम पाहण्यासारखा आहे. फेरस आयनासाठी ३डी मधून दोन बाण पुसल्यास ४एस(२) ३डी(४) अशी मांडणी येते. तिच्यातही अयुग्मित इलेक्ट्रॉन चारच असतात. म्हणजे चुकीच्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्याचे उत्तरही योगायोगाने बरोबर येते आणि त्याची चूक झाकली जाते. फेरिक आयनापाशी ती उघडी पडते. चुकीच्या मांडणीत, म्हणजे ४एस(२) ३डी(३) मध्ये, तीन अयुग्मित इलेक्ट्रॉन येतात, तर योग्य मांडणीत पाच येतात. अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या न मानल्यास केवळ परिवलनामुळे येणारे चुंबकीय आघूर्ण न × (न + २) या गुणाकाराच्या वर्गमूळाइतके बोर मॅग्नेटॉन असते. तीन इलेक्ट्रॉनांसाठी ते ३.८७ व पाचांसाठी ५.९२ येते. फेरिक आयनाच्या अनेक साध्या क्षारांसाठी मोजलेले मूल्य ५.९ च्या आसपास असते. जस्ताचे उदाहरण याहून सोपे आहे. योग्य पद्धतीने जस्ताच्या द्विसंयुजी आयनात ३डी(१०) उरतो व एकही अयुग्मित इलेक्ट्रॉन राहत नाही; चुकीच्या पद्धतीने दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन राहतात. झिंक सल्फेट हे प्रतिचुंबकीय असल्याने निर्णय आपोआप लागतो.

आधी भरणारा कक्षक आधी रिकामा का व्हावा? ही विसंगती वरवरची आहे. पोटॅशियम व कॅल्शियम यांच्या अणूंत ४एस ची ऊर्जा ३डी हून कमी असते. केंद्रकावरील भार वाढत जातो तसे ३डी कक्षक आकसतात व त्यांची ऊर्जा झपाट्याने खाली येते. स्कँडियमपासून पुढे ३डी ची ऊर्जा ४एस च्या खाली गेलेली असते. वर्णपटांवरून दिसते की, स्कँडियमच्या द्विभारित आयनात उरलेला एकमेव इलेक्ट्रॉन ३डी मध्येच असतो. असे असूनही उदासीन स्कँडियममध्ये तिन्ही इलेक्ट्रॉन ३डी मध्ये जात नाहीत, कारण आटोपशीर ३डी कक्षकांतील इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण मोठे असते. दोन इलेक्ट्रॉन ऐसपैस अशा ४एस मध्ये राहिल्यास अणूची एकूण ऊर्जा कमी होते. निसर्ग एकेका चौकटीची नव्हे, तर संपूर्ण अणूची ऊर्जा न्यूनतम राखतो. भरण्याचा क्रम हा एका मूलद्रव्याकडून पुढील मूलद्रव्याकडे जाण्याचा क्रम आहे आणि या वाटचालीत केंद्रकावरील भारही बदलतो. आयन बनताना भार तोच राहून फक्त इलेक्ट्रॉन कमी होतात. या दोन भिन्न प्रक्रिया असल्याने एकीचा क्रम उलटा करून दुसरीचा क्रम मिळत नाही.

७. नियमांचे अपवाद

संक्रामक मूलद्रव्यांच्या पहिल्या ओळीत दोन अपवाद आढळतात. क्रोमियमचे अपेक्षित संरूपण ४एस(२) ३डी(४) असले, तरी प्रत्यक्षात ते ४एस(१) ३डी(५) आहे. तांब्याचे ४एस(२) ३डी(९) ऐवजी ४एस(१) ३डी(१०) आहे.

क्रोमियम : [आर्गॉन]  ४एस [↑ ]  ३डी [↑ ][↑ ][↑ ][↑ ][↑ ]

तांबे : [आर्गॉन]  ४एस [↑ ]  ३डी [↑↓][↑↓][↑↓][↑↓][↑↓]

अर्धे भरलेले व पूर्ण भरलेले उपकवच विशेष स्थिर असते, असे याचे कारण सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. क्रोमियमच्या सहा बाह्य इलेक्ट्रॉनांचे परिवलन एकाच दिशेचे असल्यास समान परिवलनाच्या पंधरा जोड्या पडतात; अपेक्षित मांडणीत त्या दहाच पडल्या असत्या. अशा प्रत्येक जोडीमागे विनिमय ऊर्जेचा लाभ होतो, शिवाय ४एस मधील दोन इलेक्ट्रॉन एकत्र ठेवण्याची किंमतही वाचते. परंतु हे कारण सार्वत्रिक नियम म्हणून वापरता येत नाही. क्रोमियमच्याच गटातील मोलिब्डेनम ५एस(१) ४डी(५) असे वागते, पण त्याखालील टंगस्टन ६एस(२) ५डी(४) या साध्या क्रमालाच चिकटून राहते. निओबियम ५एस(१) ४डी(४) असे आहे व तेथे उपकवच अर्धेही भरलेले नाही. पॅलेडियममध्ये ४डी(१०) असून ५एस पूर्ण रिकामा असतो. जड मूलद्रव्यांत इलेक्ट्रॉनांचा वेग इतका मोठा असतो की, सापेक्षतेचे परिणाम विचारात घ्यावे लागतात. अणुअंक १०३ च्या लॉरेन्शियममध्ये शेवटचा इलेक्ट्रॉन ६डी ऐवजी ७पी मध्ये असावा, असे गणना सांगते व त्याच्या आयनीभवन ऊर्जेचे २०१५ साली प्रसिद्ध झालेले मापन या गणनेशी जुळते. सारांश, बेरजेचा नियम हा उत्तम मार्गदर्शक आहे. अंतिम निर्णय वर्णपटावरून होतो.

८. आकृतीच्या मर्यादा

कक्षक-आकृती ही सुट्या, एकाकी अणूची वा आयनाची असते. अणू इतरांच्या सान्निध्यात आला की चित्र बदलते. रक्तातील हिमोग्लोबिन हे याचे अर्थपूर्ण उदाहरण होय. लायनस पाउलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखविले की, ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनमध्ये प्रत्येक लोह आयनामागे चार अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, तर ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनमध्ये एकही नसतो. पहिली स्थिती फेरस आयनाच्या ३डी(६) आकृतीशी तंतोतंत जुळते. दुसऱ्या स्थितीत लोहाभोवतीच्या अणुगटांमुळे पाच ३डी कक्षकांची ऊर्जा समान राहत नाही आणि बंधाने जोडला गेलेला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत सहभागी होतो. समान ऊर्जेच्या चौकटी हे हुंडच्या नियमाचे गृहीतकच तेथे लागू राहत नाही. या फरकाचा उपयोग पुढे वैद्यकात झाला. सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार बदलणारा चुंबकीय अनुस्पंदन संकेत वर्णिला. कार्यरत मेंदूचे चित्रण करण्याचे तंत्र त्यावरच उभे आहे.

दुसरी मर्यादा रेणूंची. ऑक्सिजनच्या अणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन दिसतात व द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, हेही खरे आहे. परंतु पहिल्यावरून दुसरे थेट सिद्ध होत नाही. दोन अणूंतील एकटे इलेक्ट्रॉन परस्परांशी जोड्या करून दुहेरी बंध बनवितात असे मानल्यास रेणूत एकही एकटा इलेक्ट्रॉन उरत नाही. रेणूचे चुंबकत्व समजण्यासाठी रेणवीय कक्षकांची स्वतंत्र आकृती काढावी लागते. तिच्यात समान ऊर्जेच्या दोन चौकटींत एकेक बाण येतो. तेथे चौकटी बदलल्या, तरी तीन नियम तेच राहतात.

तिसरी मर्यादा संकल्पनेची आहे. इलेक्ट्रॉन परस्परांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. अमुक बाण म्हणजे अमुक इलेक्ट्रॉन असे म्हणणे ही बोलण्याची सोय आहे; तसेच एकेका इलेक्ट्रॉनास स्वतःचा कक्षक आहे, हे अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूसाठी केलेले एक उपयुक्त सन्निकटन आहे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने काही बाबी

उत्तरपत्रिकांमध्ये संभवणाऱ्या चुका बहुधा ठरावीक असतात : पी वा डी च्या पहिल्या चौकटीत घाईने जोडी करणे, एका चौकटीत समान दिशेचे दोन बाण काढणे, एकट्या बाणांच्या दिशा मिसळणे, रिकाम्या चौकटी न काढणे, आणि आयन बनविताना ३डी आधी रिकामा करणे. यांपैकी रिकाम्या चौकटीची चूक किरकोळ वाटते, परंतु कार्बनच्या आकृतीत तिसरी २पी चौकट रिकामी दाखविली नाही, तर कार्बनपाशी बंधासाठी आणखी एक कक्षक उपलब्ध आहे ही माहितीच हरवते.

प्रत्येक चूक केवळ लाल शाईने खुणावण्याऐवजी त्या चुकीतून कोणते खोटे भाकीत निघते, हे विद्यार्थ्यास शोधावयास सांगणे अधिक फलदायी ठरेल. नायट्रोजनची चुकीची आकृती आयनीभवन ऊर्जेशी ताडून पाहावी; जस्ताच्या आयनाची त्याच्या क्षारांच्या चुंबकीय वर्तनाशी. असे केल्यास नियम बाहेरून लादलेले न वाटता, निरीक्षणांतून आलेले म्हणून पटतात.

१०. समारोप

कक्षक-आकृती काढण्यास कागद, पेन्सिल व तीन नियम पुरेसे असतात. चौकट ही संभाव्यतेच्या प्रदेशाची खूण, बाण ही परिवलनाची खूण आणि त्यांची मांडणी हे न्यूनतम ऊर्जेविषयीचे विधान असते. हे विधान आयनीभवन ऊर्जा, वर्णपट व चुंबकत्व यांच्या कसोटीवर उतरते, म्हणूनच त्यास मोल आहे; आणि जेथे ते उतरत नाही, तेथे अणूच्या सभोवतालाचा वा एकूण ऊर्जेचा विचार करावा लागतो. पोटॅशियमच्या एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनापाशी अडखळणारा विद्यार्थी योग्य प्रश्न विचारीत असतो. तो प्रश्न पाठांतराने मिटविण्याऐवजी त्याचा मागोवा घेतला, तर आवर्तसारणीची संपूर्ण रचना त्याच्यापुढे उलगडू शकते.